लाल पाटीच्या पाठक मॅडम

कॉम्प्युटरवर हिरवी टिक दिसली की माझं डोकं सटकतं. एटीएम असो, लाइटबिल असो, घरातला टीव्ही अपडेट झालेला असो. हिरवा गोल, त्यात पांढरी टिक, खाली ‘यशस्वी’. मी मनात म्हणतो, ‘कशावरून?’ आणि हे ‘कशावरून’ माझ्या आवाजात येत नाही. पाठक मॅडमच्या आवाजात येतं. थोडं नाकातून, जास्त छातीतून, आणि शेवटचा ‘न’ असा आपटलेला की समोरच्याच्या हातातला चहा सांडावा.

नकला मी शाळेपासून करतो. मिरजगावात हेडमास्तरांची नक्कल केली म्हणून हेडमास्तरांनी बदडलं, आणि गॅदरिंगला तीच नक्कल करायला लावली. कुणाचीही करतो आणि हसून मोकळा होतो. पाठक मॅडमची करायला लागलो की अर्ध्यात हसू थांबतं आणि राग यायला लागतो. बाईंचा आवाज उचलला तर बाईंचा रागपण अंगात येतो, वेगळा काढता येत नाही.

राहात्याला आमची कंपनी होती. कंपनी म्हणजे मोटार रिवायंडिंगच्या दुकानावरच्या दोन खोल्या. दवाखाने, लॅबोरेट्र्या, शाळा असल्यांना लागणारी सॉफ्टवेअरं आम्ही बनवायचो. मालक सचिनशेठ. मी फोनवर. म्हणजे गिऱ्हाइकाचं काही अडलं की पहिली शिवी मी खायची. आणि आतल्या खोलीत, खिडकीकडं पाठ करून, पाठक मॅडम. पन्नाशीच्या. पुण्यातली मोठी नोकरी सोडून आल्या होत्या, कारण इकडं आईला बघायला कुणी नव्हतं. केस कायम क्लचरमध्ये, क्लचरमध्ये कायम एक पेन खोचलेलं, आणि तेच पेन त्या कायम टेबलावर शोधत असायच्या. सांगायची हिंमत कुणाची नव्हती.

मुलाखतीत त्यांनी मला एकच प्रश्न विचारला. “बॅकअप म्हणजे काय?”

“कॉपी,” मी म्हणालो.

“मग झेरॉक्सच्या दुकानात जा. इथे कशाला आलास?”

तरी घेतलं मला. नाव कधीच नाही विचारलं. माणसाला त्याच्या गावावरून हाक मारायची त्यांची पद्धत. मी ‘मिरजगाव’. चहावाला ‘अस्तगाव’. सचिनशेठ तेवढा ‘सचिन’, कारण तो राहात्याचाच होता, आणि ‘राहाता, इकडे ये’ हे त्यांनाही बरं वाटत नसावं.

त्यांचं काम एकच, बॅकअपचं टूल. दवाखान्याच्या कॉम्प्युटरात पेशंटची माहिती असते, ती जिथं साठते तो डेटाबेस. उद्या कॉम्प्युटर मेला तरी माहिती राहावी म्हणून रोज संध्याकाळी तिची प्रत पेनड्राइव्हवर घ्यायची, तो बॅकअप. इथपर्यंत कुणालाही कळतं. गोची पुढं आहे. त्या डेटाबेसची थोड्या थोड्या दिवसांनी नवी व्हर्जन येते. जुन्या व्हर्जनमधली प्रत नवीला वाचता येईलच असं नाही. आणि जुन्या टूलला नवी व्हर्जन तर अजिबात कळत नाही. एक दवाखाना जुन्यावर, दुसरा मधल्यावर, तिसरा नव्यावर, आणि आमच्या टूलनं सगळ्यांचं सगळं वाचलं पाहिजे. मॅडम त्यासाठी माहिती साध्या अक्षरात लिहून ठेवायच्या, मशीनच्या गुप्त भाषेत नाही. प्रत्येक फाइलच्या डोक्यावर लिहिलेलं असायचं, ही कुठल्या व्हर्जनमधून आली, कुठल्या टूलनं घेतली.

मला एकदा म्हणाल्या, “आमच्या घरी पणजोबांचे कागद आहेत. कुलकर्णी होते ते, गावाचं सगळं दफ्तर. मोडी लिपीत. एकाही कागदाला वाळवी नाही. आणि घरात एकाला वाचता येत नाही. तो बॅकअप आहे का?”

“आहे की. कागद हायेत ना.”

“ती रद्दी आहे, मिरजगाव. वाचणारा मेला की रद्दी.”

म्हणून टूलमध्ये त्यांनी जुनी प्रत्येक व्हर्जन वाचणारा कोड जपून ठेवला होता. सचिनशेठ म्हणायचा, “मॅडम, ते जुनं आता काढून टाका, कोण वापरतंय?” मॅडम विचारायच्या, “तुझे वडील कोण वापरतंय?” सचिनशेठचे वडील खाली दुकानातच बसायचे.

बोलणं असं. गोड शब्द त्यांच्या तोंडाला चालायचाच नाही. रिसेप्शनवरच्या पोरीला एकदा ‘झालं’ म्हणाली म्हणून रडवलं. “झालं म्हणजे काय? कुणी पाहिलं? कशावरून?” पोरगी नुसती पाण्याची बाटली भरून झाली असं सांगत होती. चूक मॅडमचीच होती, पण माफी त्यांनी मागितली नाही. दुसऱ्या दिवशी तिच्यासाठी डब्यात धपाटी आणली आणि तीसुद्धा ओरडूनच दिली. ‘होऊन जाईल’ या शब्दांवर तर त्यांचा खास राग. “कोण करणार ते सांग. आपोआप फक्त धूळ होते.”

मी त्यांची नक्कल करताना एकदा सापडलो. क्लचरमध्ये पेन खोचून चहावाल्याला “कशावरून?” विचारत होतो, आणि त्या मागं उभ्या. म्हणाल्या, “परत कर.” केली. “मी एवढी किरकिर करत नाही. आवाज खालून काढ. परत.” अख्ख्या ऑफिससमोर माझ्याकडून नक्कल बसवून घेतली, आणि शेवटी म्हणाल्या, “आता बरी झाली. कामाला लाग.”

शनिवार मात्र सगळ्यांच्या पोटावर यायचा. कोपऱ्यात एक मशीन ठेवलं होतं. शनिवारी मॅडम ते पूर्ण पुसायच्या. कुठल्यातरी एका गिऱ्हाइकाचा जुना बॅकअप मागवायच्या आणि त्या कोऱ्या मशीनवर, सगळ्यात नव्या व्हर्जनमध्ये, तो परत उभा करायच्या. तो उभा राहून त्यातला एखादा पेशंट स्क्रीनवर दिसेपर्यंत ऑफिसात कुणी डबा उघडायचा नाही. स्वतः पण नाही. “बॅकअप घेतला हे मला सांगू नका. परत आणला का ते सांगा.” सचिनशेठ चिवडा घेऊन जिन्यात जाऊन खायचा, मालक असून.

आणि लाल पाटी. टूलला एखादी व्हर्जन वाचता येत नसेल तर ते गुपचूप बसायचं नाही. अख्खा स्क्रीन लाल करायचं आणि मराठीत लिहून दाखवायचं: ‘थांबा. ही नवी व्हर्जन मला वाचता येत नाही. बॅकअप झालेला नाही. ऑफिसला फोन करा.’ मजकूर मॅडमचा. लाल आली की मला फोन यायचे. “आवं, ह्ये काय लाल लाल आलंय, व्हायरस हाय का?” मी म्हणायचो, न्हाई, मॅडम हायत. सचिनशेठला ती पाटी डोळ्यांसमोर नको असायची. गिऱ्हाईक बिथरतं म्हणे. मॅडम म्हणायच्या, “बिथरू दे. मला येत नाही असं तोंडावर सांगणारं एवढं एकच आहे या ऑफिसात.”

आता दसरा. आमच्याकडं दसऱ्याला कॉम्प्युटरची पूजा होते. स्क्रीनला झेंडूचा हार, कीबोर्डला हळदकुंकू, माऊसखाली आपट्याची पानं. (हळद कीबोर्डमध्ये जाते आणि पुढं आठवडाभर मला फोन येतात, ते वेगळं.) आणि गिऱ्हाइकांची मागणी ठरलेली. नवीन काही टाकायचं तर दसऱ्याच्या मुहूर्तावर टाका. त्या वर्षी डेटाबेसची नवी व्हर्जन आली होती. मॅडमनी बजावलं, “दिवाळीनंतर. टूलला ती अजून वाचता येत नाही. मी लिहितेय.” आणि आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं म्हणून नगरला गेल्या.

सचिनशेठनं मुहूर्त साधला. सगळ्या गिऱ्हाइकांकडं एकाच सकाळी नवी व्हर्जन. अर्थात बॅकअपला लाल पाटी येणार, आणि हार घातलेल्या कॉम्प्युटरवर दसऱ्याच्या दिवशी लाल पाटी म्हणजे अपशकुन. म्हणून यानं पाटीच काढली. नुसती काढली नाही, तिथं हिरवी टिक लावली. टूल आतून ओरडत होतं की मला हे वाचता येत नाही, आणि बाहेर गिऱ्हाइकाला दिसत होतं, ‘यशस्वी’. मॅडम आल्यावर त्यांना सांगितलं, “फक्त वरचा प्रोग्रॅम बदललाय, डेटाबेस जुनाच आहे.” शनिवारचं मशीनही तोवर बिलिंगला नेलं होतं. मॅडम भांडल्या. “देतो हो परत, होऊन जाईल,” सचिनशेठ म्हणाला. मॅडमनी नवी व्हर्जन वाचणारं टूल पुरं करून त्याच्या हवाली केलं. तो म्हणाला, टाकतोय. टाकलं नाही. सगळीकडं हिरवं तर होतं, घाई कसली?

हे सगळं आम्हाला कळलं ते उन्हाळ्यात. तिसगावच्या एका बाळंतपणाच्या दवाखान्यातून फोन आला. लता सिस्टर, तिथलं सगळं त्याच बघायच्या. “भाऊ, कॉम्प्युटर गेला आमचा. डिस्क टकटक करून बंद पडली. पुन्याला धाडली, त्यांनी हात जोडले. पन आपला बॅकअप हाय, काळजी न्हाई. रोज हिरवी टिक बघूनच घरी जायचे मी.”

मी मॅडमना सिस्टरनी धाडलेल्या पेनड्राइव्हमधली फाइल दिली. त्यांनी उघडली. डोक्यावर व्हर्जनचं नाव, त्याखाली काही नाही. दुसरी उघडली, तिसरी उघडली. दसऱ्यापासूनच्या सगळ्या फायली तशाच. नुसतं डोकं, धड नाही.

बाई ओरडतील असं मला वाटलं. ओरडल्या नाहीत. उठून बाहेर आल्या.

“सचिन, लाल पाटी कुठे गेली?”

“मॅडम, दसरा होता हो. मुहूर्तावर लाल...”

“कुठे गेली?”

“तेवढ्यापुरती काढली होती. परत लावायची राहिली.”

“काढलीस ते काढलीस. तिथे हिरवी का लावलीस?”

“काहीतरी दाखवायला पाहिजे ना गिऱ्हाइकाला.”

हे वाक्य मी आजवर कुणाच्या नकलेत वापरलेलं नाही. जमत नाही. तो आवाज काढायला गेलं की हात शिवशिवतात.

मी आणि मॅडम एसटीनं तिसगावला गेलो. शनिवारच्या तालमीसाठी दसऱ्याआधी मागवलेला तिथला एक बॅकअप मॅडमकडं शिल्लक होता. तो त्यांनी नव्या कॉम्प्युटरवर, नव्या व्हर्जनवर उभा केला. एका झटक्यात उभा राहिला. जुन्या व्हर्जनची माहिती नवीमध्ये, एक अक्षर इकडंतिकडं नाही. दुसऱ्या कुणी पेढे वाटले असते. मॅडम म्हणाल्या, “हे जुनं झालं. दसऱ्यानंतरचं?”

दसऱ्यानंतरचं नव्हतं, आणि नेमकं तेच पाहिजे होतं. त्या भागातल्या बाया दिवाळीच्या पुढंमागं ऊसतोडीला जातात. जायच्या आधी पोटुशा असतील त्या या दवाखान्यात तपासून जातात. रक्तगट, आधीचं सिझेरियन, कुठल्या औषधाचा त्रास. कागद त्यांच्याकडं टिकत नाही, खोपीत भिजतो, चुलीत जातो. म्हणून सगळं कॉम्प्युटरात. आता ऊस संपून कारखान्यांचे पट्टे पडले होते, बाया परत येत होत्या, दिवस भरत आलेले. आणि काउंटरवर येऊन सांगत होत्या, “माजं समदं तुमच्या मशिनीत हाय.”

तिथल्या डॉक्टरीणबाई मॅडमना म्हणाल्या, “रक्त मी परत तपासेन. पण कुणाला कशाची रिॲक्शन आली होती, ते रक्त सांगत नाही.”

 दुसऱ्या दिवशी ऑफिसात आल्या आल्या मॅडम सचिनशेठला म्हणाल्या, “बाकी सगळ्यांकडे हीच हिरवी टिक आहे. आत्ता सगळ्यांना फोन करायचे. खरं सांगायचं, नवं टूल द्यायचं, समोर बॅकअप घ्यायला लावायचा.”

“फोन कशाला? नवं टूल मी गपचूप टाकतो सगळीकडं. महिनाभरात कुणाला पत्तापण लागणार नाही.”

“आणि महिनाभरात कुणाची डिस्क मेली तर?”

“नाही मरत हो. होऊन जाईल.”

“मिरजगाव, गिऱ्हाइकांचे नंबर काढ.”

सचिनशेठ उभाच राहिला. “मॅडम, बाजारात नाव जाईल माझं. फोन केला तर उद्यापासून इकडं यायचं नाही.”

“उद्यापासून? मी आज संध्याकाळपासूनच येणार नाही. पण संध्याकाळ व्हायला वेळ आहे.” आणि फोन उचलला.

आई आजारी, राहात्यात असली दुसरी नोकरी नाही. हे त्यांना माहीत होतं, सचिनशेठला तर पक्कं माहीत होतं. म्हणून तर तो धमकी देत होता.

प्रत्येकाला तेच. “मी पाठक. तुमचा दसऱ्यापासूनचा बॅकअप रिकामा आहे. हो, हिरवी टिक खोटी आहे. नाही, व्हायरस नाही, आमची लबाडी आहे. फाइल पाठवलीय, ती चालवा. झाला? कशावरून? बॅकअपची फाइल केवढी आहे ते वाचून दाखवा.” एकजण शिव्या देत होता. मॅडमनी पूर्ण ऐकून घेतल्या आणि म्हणाल्या, “बरोबर आहे. आता फाइल चालवा.”

दुपारपर्यंत त्यांचा आवाज बसला. पार गेला, नुसती हवा. माझ्या आवाजाला गिऱ्हाईक दाद देईना. “मॅडमला द्या, तुमी काय, नुसतं फोन उचलनारे.” मॅडमनी माझ्याकडं बघितलं आणि फोनकडं बोट दाखवलं.

मग मी त्यांच्या आवाजात केले. “मी पाठक.” त्या समोर बसून ऐकत होत्या, जिथं गुळगुळीत बोलायला लागलो तिथं टेबलावर हात आपटत होत्या. सचिनशेठ दारात उभा राहून म्हणाला, “तू पण उद्यापासून नको येऊ.” मी मॅडमच्याच आवाजात विचारलं, “कशावरून?” त्या हसल्या. आवाज नव्हता म्हणून नुसते खांदे हलले.

शेवटी एका लॅबवाल्याचा फोन लागला. म्हातारा, सरळ माणूस. म्हणाला, “आवो मॅडम, मागच्याच आठवड्यात पोरानं कॉम्प्युटर फॉरमॅट मारला, लई हळू चालत हुता. पन बॅकअप हाय ना आपला. निवांत बसलं की टाकतो परत.”

मॅडम ऐकत होत्या. फोन स्पीकरवर होता. मला त्यांच्या आवाजात ते सांगता येईना. मी माझ्या आवाजात सांगितलं.

म्हाताऱ्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “पन टिक तर हिरवी हुती.”

संध्याकाळी मॅडमनी क्लचरमधलं पेन काढून टेबलावर ठेवलं, डबा उचलला आणि जिना उतरून गेल्या. सचिनशेठची कंपनी चालूच आहे, तेपण सांगतो. बोर्ड मोठा झालाय. नाव काही गेलं नाही त्याचं. गिऱ्हाइकं चार दिवस ओरडली, मग गप्प झाली. लॅबवाल्या म्हाताऱ्याला त्यानं पेढ्याचा बॉक्स पाठवला आणि म्हणाला, एका बाईच्या टूलमध्ये गडबड होती, तिला आम्ही काढलं. हे मला म्हाताऱ्यानंच फोन करून विचारलं, “असं हुतं व्हय?” त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं, राग आला की कानात आवाज येतो म्हणतात तो कसला.

मी नगरला दुसरीकडं लागलो. काही दिवसांनी लता सिस्टरचा फोन आला, प्रिंटर चालेना म्हणून. आता ते माझं काम नव्हतं, तरी रविवारी गेलो तिसगावला.

दवाखान्याच्या पडवीत बायांची रांग. पाठीला गाठोडी, काखेत पोरं. आणि खिडकीपाशी टेबल टाकून, कॉम्प्युटर पुढ्यात घेऊन, पाठक मॅडम. सिस्टर म्हणाल्या, “आठवड्यातनं दोनदा येत्यात, एसटीनं. कुनी सांगितलं न्हाई, बोलावलं न्हाई. पयल्या दिशी आल्या आन म्हनल्या, खुर्ची द्या.”

मी दारातच थांबलो. मॅडमपुढं एक पोरगी होती, विशीतली, पोट पार पुढं आलेलं.

“कसला त्रास झाला होता?” मॅडमचा आवाज परत आला होता, पूर्वीसारखाच.

“सुई दिल्ती. मग त्वांड सुजलं, श्वास घेता येईना.”

“कुठली सुई?”

“पांढरी हुती.”

“पांढरी! सगळ्या पांढऱ्याच असतात गं! कशासाठी दिली होती? ताप होता? जखम होती?”

“पायाला कोयता लागल्ता.”

“कुठल्या गावात? डॉक्टरचं नाव? आठव. नवऱ्याला विचार. कुठाय नवरा? बोलाव त्याला.”

पोरगी घाबरली नाही. उलट जराशी चिडलीच. “बाई, म्या हे समदं मागल्या टायमाला सांगितलं हुतं की. हितंच. सिस्टरनी टायपून घेतल्यालं. तुमच्यापाशी न्हाई व्हय?”

मला वाटलं आता स्फोट. आता त्या सचिनशेठचं नाव घेतील, दसरा सांगतील, सगळं सांगतील. सांगायचा त्यांना हक्क होता. मी असतो तर रांगेतल्या प्रत्येक बाईला त्या माणसाचा पत्ता दिला असता.

“होतं,” मॅडम म्हणाल्या. “आम्ही घालवलं. परत सांग.”

“पुना समदं?”

“पहिल्यापासून.”

पोरीनं रांगेकडं बघितलं, मग एक हात कमरेवर टेकवून हळूच स्टुलावर बसली आणि सांगायला लागली. मॅडम एकेक शब्द टाइप करत होत्या, ती बोलेल तसा, आणि प्रत्येक ओळीनंतर तिलाच मोठ्यानं वाचून दाखवत होत्या. बरोबर? ती मान हलवायची. मग पुढची ओळ.